टॉम खरंच वाजवतो : 'द कॅट कॉन्चर्टो' (१९४७)

पेटीवाली

गेल्या रविवारी लेकीने मला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं आणि म्हणाली, "आई, तू फक्त टॉमच्या बोटांकडे बघ. जेरीकडे बघायचंच नाही." ती दहा वर्षांची आहे, तीन वर्षं पियानो शिकतेय. मी बघितलं. मग पुन्हा लावून बघितलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा काढतेय.

'द कॅट कॉन्चर्टो' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असणार, नाव माहीत नसलं तरी. टॉम काळ्या कोटात, पांढऱ्या शर्टात रंगमंचावर येतो, भल्यामोठ्या पियानोसमोर बसतो, आणि लिस्ट या हंगेरियन संगीतकाराची पियानोची रचना, दुसरी हंगेरियन ऱ्हाप्सडी, वाजवायला लागतो. जेरी पियानोच्या पोटात झोपलेला असतो. सात मिनिटांच्या आसपासची फिल्म, एका शब्दाचाही संवाद नाही. एमजीएमने काढलेली, दिग्दर्शक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा. २६ एप्रिल १९४७ ला प्रदर्शित झाली, पण ऑस्कर १९४६ च्या वर्षातलं मिळालं. टॉम आणि जेरीचं ते लागोपाठ चौथं ऑस्कर.

लेकीचं म्हणणं असं की टॉम बरोबर पट्ट्या दाबतो. सूर खाली उतरला की पंजा डावीकडे जातो, वर चढला की उजवीकडे. एक बोट एक सूर वाजवत असेल तर कानाला एकच सूर ऐकू येतो. जिथे दोन्ही हात एकमेकांवरून जायला हवेत तिथे ते जातात. आपल्याकडच्या किती सिनेमांत नायक पेटीवर नुसता हात फिरवतो आणि भाता हलतसुद्धा नाही! मी पेटी वाजवते, त्यामुळे ते दिसलं की माझं मन गाण्यातून उठतं. इथे एक चितारलेला बोका आहे, त्याला हाताला चारच बोटं आहेत, आणि तरी त्याचं वाजवणं मला खरं वाटलं.

मला वाटतं सगळी गंमत याच्यावरच उभी आहे. टॉम पहिल्या मिनिटात ज्या गांभीर्याने बसतो, त्यात कुठेही चेष्टा नाही. डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित मागे, एकेक सूर पूर्ण वाजू देऊन मग पुढचा. तो पट्टीचा कलाकार आहे हे आपल्याला आधी पटवून दिलं जातं. पियानोच्या आत तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या तडाख्याने जागा झालेला जेरी वर येऊन बसतो आणि हात हलवून वाद्यवृंद चालवल्याचा आव आणत त्याची चेष्टा करायला लागतो, तेव्हा टॉम त्याला टिचकीने उडवतो आणि *लय सोडत नाही*. तिथून शेवटपर्यंत त्याच्यापुढे एकच पेच आहे : उंदराचा बंदोबस्त करायचा, पण मैफल थांबवायची नाही. घरातल्या टॉमला असली अट नसते, म्हणून तो हातात सापडेल ते घेऊन धावतो. इथे तो खुर्चीला बांधलेला आहे, म्हणजे लिस्टला बांधलेला आहे.

कात्रीचा प्रसंग आठवा. अगदी उजव्या टोकाच्या पट्टीपाशी जेरी कात्री घेऊन उभा राहतो. टॉमचं बोट तिथे येतं, कात्री मिटते, बोट निसटलेलं असतं. पुन्हा येतं, पुन्हा निसटतं. असं सहा वेळा. टॉमला ते बोट तिथे न्यावंच लागतं, कारण तो सूर तिथे लिहिलेला आहे. मग जेरी दोन पांढऱ्या पट्ट्या काढून त्या जागी उंदराचा सापळा ठेवतो. उंदीर बोक्यासाठी सापळा लावतो! टॉम सापळ्याच्या अलीकडची पट्टी वाजवतो, पलीकडची वाजवतो, कितीतरी वेळ वाचतो, आणि मग ज्या क्षणी सुरावट त्या जागेवर येते त्या क्षणी खटकन्. मला दर वेळी इथे हसूही येतं आणि स्वतःचं बोटही आखडतं.

तुम्हाला या फिल्मबद्दल काय आठवतं? आणि जाणकारांना एक प्रश्न : हे इतकं नेमकं केलं कसं असेल?

विलंबित

धाग्याबद्दल आभार, ताई. आमच्याकडे केबल आली आणि कार्टून नेटवर्क दिसायला लागलं त्या काळात मी सहावीत होतो. शाळेतून आल्यावर दप्तर खांद्यावर तसंच ठेवून टॉम अँड जेरी. ही धून मला कितीतरी वर्षं 'टॉम अँड जेरीची धून' म्हणूनच माहीत होती. लिस्ट वगैरे कोण आहे याचा पत्ता नव्हता.

पुढे नोकरीला लागल्यावर एका मित्राने मुंबईत एका पियानोच्या मैफलीला नेलं. वादकाने हीच ऱ्हाप्सडी काढली. मला पुढचा प्रत्येक टप्पा पाठ होता! आता इथे बोट आपटणार, आता इथे झाकण पडणार. आणि मधे एकदम मी हरवलो, कारण तो भाग फिल्ममध्ये नाहीच. मूळ रचना साधारण दहा मिनिटांची आहे, फिल्मसाठी कापलेली. त्या रात्री घरी येऊन पूर्ण रचना पुन्हा ऐकली. पाश्चात्त्य संगीताचं दार मला या बोक्याने उघडलं. लाँग लाँग हा आजचा जगप्रसिद्ध चिनी पियानोवादक, त्यानेही हेच सांगितलं आहे : दोन वर्षांचा असताना टीव्हीवर हा टॉम पाहिला आणि पियानो वाजवावासा वाटला. लहान पोराला जे भिडलं ते खोटं वाजवणं असतं तर भिडलं असतं का, असा प्रश्न मला पडतो.

चित्रकुंचला

पेटीवाली, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहितो. माझी बावीस वर्षं ॲनिमेशनमध्ये गेली, सुरुवात कागदावर पेन्सिलने केली होती, म्हणून थोडं सविस्तर.

सिनेमा सेकंदाला चोवीस चौकटी पळतो. सात मिनिटांच्या फिल्मला दहा हजारांच्या वर चौकटी होतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी एक चित्र दोन चौकटी धरून ठेवता येतं, पण वेगवान द्रुत भागात तसं केलं तर बोटं सुरामागे पडलेली दिसतात. तिथे दर चौकटीला नवं चित्र लागतं.

अशा कामात संगीत आधी मुद्रित होतं. मग त्या ध्वनिपट्टीचा एकेक तुकडा मोजून लिहून काढायचा : हा सूर अमुक चौकटीला सुरू, अमुक चौकटीला संपला. हे सगळं एका लांब तक्त्यावर उतरतं, त्याला आम्ही एक्सपोजर शीट म्हणतो. उभ्या रकान्यात चौकटींचे आकडे, शेजारी आवाज, त्याच्या शेजारी चित्रांचे क्रमांक. हातात तो तक्ता आला की चित्रकाराला कळतं, तीनशे बाराव्या चौकटीला पंजा खाली असलाच पाहिजे. पेन्सिलची चित्रं पारदर्शक सेलवर शाईने उतरवायची, मागून रंग भरायचे, पार्श्वभूमीवर ठेवून एकेक चौकट कॅमेऱ्याखाली टिपायची.

पण तक्ता सगळ्यांकडेच होता. हॅनाकडे त्याहून जास्त होतं. तो शाळेत असताना नाचाच्या बँडमध्ये वाजवायचा आणि त्याचं वेळेचं भान संगीतकाराचं होतं. दोघांची कामाची वाटणी ठरलेली : बार्बेरा गोष्ट आणि विनोद चितारणार, हॅना त्याचं वेळापत्रक बांधणार. या फिल्मवर केनेथ म्यूझ, एड बार्ज, आयर्व्हन स्पेन्स यांच्यासारखे ॲनिमेटर होते. म्यूझचा टॉम नेहमी गोलाईदार आणि भारदस्त असतो, स्पेन्सचा लवचिक आणि ताणलेला. सवयीच्या डोळ्याला चित्र बदललं की हात बदललेला कळतो.

आणि चार बोटांबद्दल. पाच बोटं काढली तर छोट्या पंज्यात गर्दी होते, हालचाल गढूळ दिसते, आणि दहा हजार वेळा एक जास्तीचं बोट काढावं लागतं. खरी कसोटी अशी की पाच बोटांनी वाजवायच्या रचनेला चार बोटं पुरवायची आणि बघणाऱ्याला खटकू द्यायचं नाही. त्यांनी काय केलं ते बघा : बोटांची संख्या विसरून *मनगट* खरं ठेवलं. हात पट्टीवर पडताना मनगट आधी खाली जातं, उचलताना आधी वर येतं. तुमच्या लेकीला हेच दिसलं असणार.

झाडाझडती

सगळं कौतुक मान्य, पण एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. हीच कल्पना वॉर्नर ब्रदर्सने आधी दाखवली होती. 'ऱ्हाप्सडी रॅबिट', दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग, प्रदर्शन ९ नोव्हेंबर १९४६. बग्ज बनी हा ससा कोट घालून येतो, तीच लिस्टची दुसरी ऱ्हाप्सडी वाजवतो, पियानोत उंदीर असतो, तो त्रास देतो, शेवटचे सूर उंदीर वाजवून जातो. तारखा बघा. पाच महिने आधी. मग ऑस्कर कोणाला मिळायला हवं होतं?

चित्रकुंचला

तारखा प्रदर्शनाच्या आहेत, निर्मितीच्या नाहीत. अशी एक फिल्म तयार व्हायला वर्षाच्या वर लागायचं, आणि टेक्निकलरच्या प्रती काढायला तेव्हा रांग असायची. त्यामुळे आधी पडद्यावर आलेली फिल्म आधी सुचलेली असेलच असं नाही. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचे आरोप केले, आणि दोन्ही बाजूंनी आजपर्यंत वकिली चालू आहे. ऑस्करच्या निवडीसाठी फिल्म दाखवल्या तेव्हा टॉमची आधी लागली आणि त्यामुळे बग्जची नक्कल वाटली, अशी हकिकत ॲनिमेशनच्या जगात सांगितली जाते. बग्जच्या फिल्मला नामांकनही मिळालं नाही. त्या वर्षी वॉर्नरची जी फिल्म नामांकनात होती ती वेगळीच.

झाडाझडती

एवढा योगायोग? तीच रचना, तोच उंदीर, तोच शेवट?

पेटीवाली

तुमचा मुद्दा वाचून काल रात्री दोन्ही लागोपाठ पाहिल्या. रचना योगायोगाने सारखी असू शकते, कारण ही ऱ्हाप्सडी कार्टूनवाल्यांची फार आवडती. फ्रेलेंगनेच १९४१ मध्ये 'ऱ्हाप्सडी इन रिव्हेट्स' काढली होती, त्यात याच धुनेवर इमारत बांधतात. पियानो आणि उंदीर एकत्र आले की पुढच्या अर्ध्या क्लृप्त्या आपोआप सुचतात, असं मला वाटतं. उरलेल्या अर्ध्यांबद्दल मी शपथ घेणार नाही.

पण दोन्हींचा जीव वेगळा आहे. बग्ज प्रेक्षकांशी बोलतो. कोणी खोकलं की बंदूक काढतो. फोन वाजतो, पलीकडून कोणीतरी लिस्टला विचारतं, तर हा म्हणतो असा कोणी मला माहीत नाही. तो संगीताच्या बाहेर उभा राहून संगीताची गंमत करतो, आणि छान करतो. टॉम आतून बाहेर येऊच शकत नाही. त्याला मैफल पूर्ण करायची आहे, अब्रूचा प्रश्न आहे. म्हणून मला टॉमची फिल्म जास्त लागते. कोणी कोणाचं उचललं याचा निवाडा माझ्याने होणार नाही, पण टॉमचा हा घाम उसना आणलेला नाही.

कोमल गंधार

उशिरा आले धाग्यावर. संगीताच्या अंगाने थोडं लिहू का? मी गायन शिकवते आणि पियानोची आवड आहे.

ही रचना सी शार्प मायनरमध्ये आहे, म्हणजे आपल्या भाषेत काळी एक, आणि गंधार कोमल. सुरुवातीचा भाग संथ, जड, थोडा दुःखी. हंगेरियन लोक त्याला लाशान म्हणतात. मग येते फ्रिश्का, वेगवान, नाचरी. ती काळी तीनवर जाते आणि तिथे गंधार शुद्ध होतो. संथातून द्रुतात जायचं हा प्रवास आपल्याला ओळखीचा आहे, विलंबित ख्यालानंतर द्रुत बंदिश आली की श्रोते सावरून बसतात तसं. दोन्ही संगीतांची घडण वेगळी आहे, उगाच एक करू नये, पण चढत जाणाऱ्या लयीचा शरीरावरचा परिणाम तोच.

आता फिल्म बघा. लाशानमध्ये जेरी झोपलेला आणि टॉम मालक. भांडण जसं तापतं तशी लय तापते. फ्रिश्का हाताशी आल्यावर दोघांनाही मागे फिरायची सोय राहत नाही. लिस्टने जो चढ लिहिला त्याच चढावर हॅना-बार्बेरांनी भांडण चढवलं. वेगळी पटकथा लागलीच नाही त्यांना.

लिस्टबद्दल अजून एक. १८४७ ची ही रचना. लिस्ट हा युरोपातला सर्वांत गाजलेला पियानोवादक होता. एकट्याने सबंध मैफल वाजवायची प्रथा त्याने रुजवली, आणि लंडनमध्ये १८४० साली त्याच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत 'रिसायटल' हा शब्द आला. पियानो आडवा ठेवायचा, म्हणजे वादकाचा चेहरा आणि हात बाजूने दिसतात, ही रीतही त्याच्याशी जोडली जाते. टॉम ज्या ऐटीत चालत येतो, वाकतो, बसतो, ती सगळी ऐट लिस्टपासून चालत आलेली आहे.

मधे जेरी हातोड्यांवर नाचायला लागतो आणि लिस्टमधून एकदम जाझ सुरू होतं, तो तुकडा 'ऑन द ॲचिसन, टोपीका अँड द सांता फे' या गाण्याचा. आगगाडीवरचं गाणं, एमजीएमच्याच 'द हार्वे गर्ल्स' या १९४६ च्या चित्रपटातलं, आणि त्याला त्या वर्षीचं गाण्याचं ऑस्कर मिळालं. तेव्हाच्या प्रेक्षकाला ते ओठावर असलेलं गाणं होतं. लिस्टनेही शेवटाजवळ वादकाला मोकळी जागा सोडलेली आहे, तिथे ज्याने त्याने आपली करामत दाखवावी. रखमानिनॉव्ह या रशियन संगीतकार-पियानोवादकाने आपली स्वतःची तिथे लिहून वाजवली होती. ही मूळ मोकळी जागा काही जेरीच्या जाझची जागा नव्हे, पण त्या रचनेचा स्वभावच असा पाहुण्याला घरात घेणारा आहे.

फिल्मचे संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांचं नाव इथे यायलाच हवं. टॉम आणि जेरीच्या फिल्म मुक्या असूनही बोलतात, त्या त्यांच्यामुळे. १९४४ च्या एका फिल्ममध्ये त्यांनी शॉनबर्ग या आधुनिक संगीतकाराच्या पद्धतीचे बारा सुरांचे तुकडे वापरले होते, कुत्र्या-मांजराच्या पाठलागात! एवढा तयारीचा माणूस इथे मात्र लिस्टला पुढे बसवून स्वतः मागे राहतो. हा संयम मला मोठा वाटतो.

रानमोगरा

सगळे इतकं छान लिहिताय की विचारायला संकोच वाटतोय. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. टॉम अँड जेरीतली मारामारी बघून तो बहिणीला मारायला जातो, म्हणून घरात बंद केलंय. ही एक दाखवू का?

पेटीवाली

संकोच कसला गं. मीही लेक लहान असताना निवडून दाखवायचे. हीत बोटावर झाकण आपटणं आहे, सापळा आहे, जेरीला हातोड्यांत कोंबून बडवणं आहे. पण पाठलाग नाही, तवे-कुऱ्हाडी नाहीत, आणि सगळं एका बाकावर घडतं. शेजारी बसून बघ आणि त्याला माझ्या लेकीचा खेळ लाव : फक्त बोटांकडे बघायचं, आणि पुढचा सूर कुठे पडेल ते सांगायचं. एकट्याला लावून देऊ नकोस.

विलंबित

शेवटाबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही. टॉम चिडून जेरीला हातोड्यांमध्ये कोंबतो आणि बेभान वाजवतो. जेरी मार खातो, मग उठतो, दोन हातोड्या मोडून घेतो आणि *स्वतःच वाजवायला लागतो*. टॉम बघतच राहतो. रचना संपते, टॉम सुटकेचा श्वास घेतो, तर जेरीने पुन्हा धरलेली. टॉमला पुन्हा पळावं लागतं. पुन्हा संपते, पुन्हा धरतो. संगीत नाटकांत वन्समोअरवर वन्समोअर पडून नट घामाघूम व्हायचे असं आजोबा सांगायचे, ते आठवतं मला. शेवटी टॉम शर्ट चुरगळलेला, केस विस्कटलेले, कोसळतो. टाळ्या पडतात, तो उठून अभिवादन करायला जातो आणि प्रकाशाचा झोत जेरीवर.

लहानपणी मी जेरीच्या बाजूने टाळ्या वाजवायचो. आता चाळिशीत टॉमचा चेहरा बघवत नाही.

डॅन्यूबकाठ

बुडापेस्टहून नमस्कार. सहा वर्षं इथे आहे. विलंबित यांनी शेवट काढलाच आहे तर मला जे दिसलं ते सांगतो, कोमल गंधार ताईंनी पटतंय का बघावं.

इथे जुन्या रेस्टॉरंटांत रोमा समाजाच्या वादकांचे ताफे असतात. व्हायोलिन, क्लॅरिनेट, आणि एक वाद्य असतं चिंबलोम. लाकडी चौकट, त्यावर ताणलेल्या तारा, आणि वादक दोन हातांत दोन काड्या घेऊन त्या तारांवर वाजवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बायकोला म्हटलं, अगं हे तर संतूर! भाऊबंदच आहेत दोघे. इथल्यापेक्षा आपल्या काड्या हलक्या, आणि इथे काडीच्या टोकाला कापूस गुंडाळलेला असतो.

लिस्टने ही ऱ्हाप्सडी असल्याच ताफ्यांचं वाजवणं कानात ठेवून लिहिली. फ्रिश्का सुरू होताना पियानोवर एकच सूर भराभर, थरथरत आपटत राहतो, ती चिंबलोमची नक्कल आहे. म्हणजे लिस्ट दहा बोटांनी आणि पियानोच्या सगळ्या पट्ट्यांनी दोन काड्यांचं वाद्य वाजवायला बघत होता.

आणि जेरी शेवटी काय करतो? पियानोच्या पोटात उभा राहून, दोन फेल्ट लावलेल्या हातोड्या काड्यांसारख्या धरून वाजवतो. मऊ टोकाच्या दोन काड्या आणि खाली तारा! बिचारा टॉम बाहेर पट्ट्या बडवतोय, आणि उंदीर आत बसून ती धून तिच्या मूळ वाद्यावर वाजवतोय. हे हॅना-बार्बेरांनी ठरवून केलं असा माझा दावा नाही. पियानोत अडकलेल्या उंदराला दुसरं काय हाताला लागणार! पण इथे राहून ती फिल्म बघितली की हेच दिसतं.

कोमल गंधार

डॅन्यूबकाठ, अंगावर काटा आला वाचून. पटतंय, शंभर टक्के पटतंय. वर्गात मुलींना फ्रिश्का ऐकवून संतूर आठवतं का म्हणून विचारते मी, पण जेरीच्या हातातल्या काड्या मला कधी दिसल्या नव्हत्या. फक्त एक : पायांवर उभं असलेलं, दाबाने सूर थांबवता येणारं मोठं चिंबलोम बुडापेस्टमध्येच शुंडा यांनी १८७० च्या दशकात घडवलं. लिस्टने १८४७ च्या आधी ऐकलं असेल ते छोटं, गळ्यात अडकवून किंवा टेबलावर ठेवून वाजवायचं.

डॅन्यूबकाठ

बरोबर, ताई. म्हणजे जेरीच्या मापाच्या अजून जवळचं.

झाडाझडती

मी वर जरा तावातावाने लिहिलं होतं. चोरीचा प्रश्न माझ्यासाठी अजून उघडाच आहे. पण हे काड्यांचं वाचून पुन्हा बग्जची फिल्म लावली. तिथे उंदीर शेवट एका छोट्याशा पियानोवर वाजवतो. इथे तो मोठ्याच पियानोच्या तारांवर. हा फरक मोठा आहे. पेटीवाली ताई, टॉमच्या घामाबद्दलचं तुमचं वाक्य आता कळलं.

जाता जाता, चित्रकुंचला, ही झुंज तिथेच संपली नाही. 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' (१९८८) मध्ये डिस्नेचा डोनाल्ड आणि वॉर्नरचा डॅफी समोरासमोर दोन पियानोंवर बसतात आणि वाजवतात तीच दुसरी ऱ्हाप्सडी.

चित्रकुंचला

हो, आणि टॉम-जेरींनी स्वतःही पियानोकडे पुन्हा मोर्चा वळवला. 'योहान माउस', संगीतकार श्ट्राउसच्या घरातला उंदीर वॉल्ट्झवर नाचतो ती. १९५२ चं ऑस्कर, त्यांचं सातवं आणि शेवटचं. तिथे पियानो वाजवलाय याकोब गिम्पेल यांनी, आणि तुमच्या 'ऱ्हाप्सडी रॅबिट'मध्येही तेच होते. भांडणाऱ्या दोन घरांत एकच वादक जेवून आला.

ऑस्करवरून एक सांगायचं राहिलं. त्या सातही बाहुल्या निर्माता फ्रेड क्विम्बी यांच्या हातात गेल्या, कारण नियमाने पुरस्कार निर्मात्याचा. ज्यांनी चौकटी मोजल्या, ज्यांनी मनगटं काढली, ते मागेच राहिले. टाळ्या पडतात आणि झोत दुसऱ्यावर जातो, तो शेवट मला या धंद्यात आल्यापासून वेगळा दिसतो.

रानमोगरा

पेटीवाली ताई, दाखवली. मुलगा बोटांचा खेळ खेळला, दोनदा बरोबर सांगितलं, मग कंटाळून गाडी खेळायला गेला. पण सांगायचं ते वेगळंच आहे.

माझे सासरे शेजारच्या खोलीत होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला आठ वर्षं झाली. पूर्वी गावच्या भजनी मंडळात तबला वाजवायचे. आवाज ऐकून ते भिंतीला धरत बाहेर आले आणि म्हणाले, "पुन्हा लाव." मी लावली, आणि काही न सांगता गप्प बसले.

ते मान हलवत ऐकत होते. सापळ्याच्या जागी म्हणाले, "हात अडकला का रे याचा?" जाझचा तुकडा आला तर लगेच हात वर केला, "हा तो नाही. पेटीवर कोणीतरी दुसरं बसलं." आणि शेवटच्या भागात, टॉम आणि जेरी दोघं एकदम वाजवतात तिथे, मांडीवर ठेका धरला होता तो एकदम सोडून दिला. संपल्यावर मला विचारलं, "दोघांत थोरला कोण होता?"

मी म्हटलं, "बाबा, एक बोका होता आणि एक उंदीर."

"असेल," म्हणाले. "पण उंदराने बोक्याला दमवलं शेवटी. पुन्हा लाव."

चार वेळा लावली.

पेटीवाली

रानमोगरा, तुझी पोस्ट लेकीला वाचून दाखवली. ती म्हणते पुढच्या रविवारी ती डोळे मिटून ऐकणार आहे, आणि तुझ्या सासऱ्यांनी ठेका नेमका कुठे सोडला ते तू विचारून ठेव.